उतारा आणि अवतार

मराठी भाषेतील 'उतरविणे' हे क्रियापद अर्थाने मोठे समृद्ध आहे. चित्र उतरवून घेतात, दृष्ट उतरवितात, चुलीवरचे भांडे उतरवितात. ग्रंथातून काढून घेतलेल्या मजकुरास आपण 'उतारा' म्हणतो. पंडितांच्या भाषेत त्यासच 'अवतरण' असे नाव आहे. आणि परमेश्वराने स्वतः केलेले अवतरण म्हणजे 'अवतार'. मूळ आपल्या जागी राहते व त्याचे रूप दुसऱ्या जागी येते, एवढी गोष्ट उतारा, अवतरण व अवतार या तिन्ही शब्दांत समान आहे. तथापि उतारा आणि अवतार यांत अंतर आहे, हे कोणासही सांगावे लागत नाही. ते अंतर नेमके कशात आहे, हा या लेखाचा प्रश्न होय. तो हवेत न सोडविता हाताने घडविलेल्या मातीच्या भांड्यावर ठेवून पाहावा, असा विचार आहे.

प्रश्नाचे निमित्त नित्याचेच आहे. तीर्थक्षेत्रांतील दुकानांतून, हस्तकलांच्या प्रदर्शनांतून आणि समारंभांतील भेटवस्तूंतून हाताने घडविलेले पेले, ताटल्या, पणत्या आणि कुंड्या आपल्या घरी येतात, आणि त्यांवर गणपतीचे, देवीचे किंवा विठ्ठलाचे छापील चित्र उतरविलेले असते. असे भांडे घरी आले की गृहिणीस विचार पडतो. ते वापरावे तर देवाच्या मुखावर उष्टे लागते. देवघरात ठेवावे तर ती मूर्ती नव्हे. टाकावे तर हात धजत नाही. अखेर ते माळ्यावर जाते, आणि कालांतराने कोणी न पाहील अशा वेळी पिंपळाच्या पाराशी नेऊन ठेवले जाते. पिंपळाच्या बुंध्याशी जमलेला तडकलेल्या तसबिरींचा व फुटक्या फरशांचा ढीग आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. त्या ढिगाचा धनी कोण, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

या विचारासाठी किनाऱ्यावरच्या वाचकांना थोडे दूर, माळव्यात नेतो. धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. १९४८ साली ती मध्य भारतात विलीन झाली आणि आज ती मध्य प्रदेशातील दोन जिल्ह्यांची ठिकाणे आहेत. एका जागचे रूप दुसऱ्या जागी उतरविण्याचे जितके प्रकार मनुष्यास साधले आहेत, त्यांतले बहुतेक या दोन गावांच्या परिसरात आढळतात. म्हणून हा प्रश्न तेथे चांगला उलगडतो.

प्रथम चित्र मातीवर कसे उतरते ते पाहू. पहिला मार्ग खाक्याचा. कागदावरील आकृतीच्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडावयाची, तो कागद पृष्ठावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलके आपटावयाची आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचला फिरवावयाचा. दुसरा मार्ग ठशाचा: भांडे ओले असतानाच कोरीव ठसा दाबावयाचा. तिसरा मार्ग पातळ कागदाचा. कागदावर लोहयुक्त रंगाने चित्र छापावयाचे, ते कच्च्या मातीवर चिकटवावयाचे. रंग माती शोषून घेते आणि कागद निघून येतो. चौथा मार्ग आजच्या कारखान्यांचा. काचेची पूड व धातूंची ऑक्साइडे मिसळून केलेल्या रंगांत चित्र छापतात, त्यावर लाखेसारखे पातळ आवरण देतात. कागद पाण्यात भिजविला की चित्र सुटून घसरते. ते झिलई केलेल्या भांड्यावर बसवून आतली हवा रबराने दाबून काढतात आणि सुमारे ७५० ते ८५० अंश सेल्सियस उष्णतेत भांडे पुन्हा भाजतात. आवरण जळून जाते, रंग वितळून झिलईशी एकजीव होतात. मग ते चित्र घासून निघत नाही, धुऊन जात नाही.

हाताने घडविलेले भांडे या क्रियेस सहजासहजी वश होत नाही. कुंभार चाकावरून उतरविलेले मडके आतून दगडी गोटा धरून बाहेरून थापटीने ठोकतो आणि त्याचे पोट वाढवितो. त्या पोटास दोन्ही दिशांनी गोलाई असते, बोटांचे वळ असतात, एखादा चपटा भाग असतो. सपाट कागदावरचे चित्र अशा पृष्ठावर बसविताना त्यास सुरकुत्या पडतात. पृथ्वीचा गोल नकाशात पसरताना भूगोलज्ञांस जी अडचण येते तीच येथे उलट्या बाजूने येते. चित्रास काप द्यावे लागतात, नाहीतर भांडेच सपाट करावे लागते. म्हणजे पृष्ठ हे मुके नसते. त्यावर काय बसेल आणि कसे बसेल, याविषयी त्याचेही म्हणणे असते.

ही गोष्ट धारच्या भोजराजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या शिल्पग्रंथात नीट ओळखलेली आहे. अकराव्या शतकातील या ग्रंथात चित्रकर्माचा विचार करताना 'भूमिबंधन' म्हणजे चित्राची भूमी सिद्ध करणे, यास स्वतंत्र स्थान दिले आहे. आधी भूमी, मग रेषा, हा तो क्रम. धार जिल्ह्यातील बाघ येथील कापडछपाईतही हाच क्रम दिसतो. तेथील खत्री कारागिरांच्या ज्या छपाईस २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यात लाकडी ठशाने तुरटीचा लेप कापडावर उमटवितात, तेव्हा त्याचा तांबडा रंग दिसतही नाही. पुढे नदीच्या वाहत्या पाण्यात धुतल्यावर आणि रंगाच्या कढईत उकळल्यावर तो प्रकट होतो. कापड आधी खारवून मुरविलेले नसेल तर ठसा कितीही सुबक असो, रंग धरत नाही. ठसा देतो आणि भूमी स्वीकारते. दोहोंच्या संमतीने चित्र होते.

मातीच्या भांड्यावर रूपे उतरविण्याची हौस मनुष्यास आजची नाही. धारच्या दक्षिणेस, नर्मदेपलीकडे, महेश्वरसमोर नावडातोली आहे. तेथे डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५२ नंतरच्या दशकात झालेल्या उत्खननांत साडेतीन हजार वर्षांमागची खापरे सापडली. तांबूस लेपावर काळ्या रंगात हरणे, पक्षी आणि नाचणारी माणसे तेथे हाताने रेखिलेली आहेत. उलट टोकास इंग्लंडमधील लिव्हरपूल शहर. तेथे १७५६ साली जॉन सॅडलर व गाय ग्रीन या दोघांनी शपथेवर नोंदविले की, आपण सहा तासांत बाराशेहून अधिक फरशांवर चित्रे छापली. त्या दिवसापासून चित्र आणि हात यांची फारकत झाली असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला. त्याची देवदेवतांची चित्रे घरोघर गेली. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात ती जपानी कारखान्यांनी झिलईच्या रंगीत फरशांवर उतरवून पुन्हा हिंदुस्थानात पाठविली. गोमंतकातील व मुंबईतील काही जुन्या घरांच्या भिंतींवर त्या फरशा आजही दिसतात.

आता पूर्वपक्ष मांडू. पहिला पूर्वपक्ष असा की, हाताने रेखिलेले चित्र सजीव आणि छापून उतरविलेले चित्र निर्जीव. म्हणून दोष आहे तो छापण्यात. हे म्हणणे ऐकावयास गोड आहे, परंतु टिकणारे नाही. धारमध्येच शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांनी आपले आयुष्य वेचले. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच, आणि १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शिल्पकार प्रथम ओल्या मातीत रूप घडवितो, त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो आणि साच्यावरून धातूचे ओतकाम होते. जे चौथऱ्यावर उभे राहते ते मूळ नव्हे, उताराच असतो. म्हणून त्यापुढे हार घालणाऱ्याचा आदर कमी प्रतीचा ठरत नाही. गोमंतकातील काही घराण्यांत चतुर्थीस मृण्मय मूर्तीऐवजी कागदावरचा गणपती पुजतात. परकीय राजवटीत मूर्ती बाळगणे धोक्याचे झाले तेव्हा देव कागदावर उतरला, असे त्या घरांतून सांगतात. तो कागद आहे म्हणून त्या घरची चवथ उणी झाली, असे कोण म्हणेल?

याहून एक मोठी गोष्ट या पूर्वपक्षास अडविते, आणि ती देवळाशी संबंध असणाऱ्या आम्हां सर्वांस नम्रपणे स्वीकारली पाहिजे. ज्या काळी देवळाचे दार सर्वांस उघडे नव्हते, त्या काळी छापील चित्राने देवाचे मुख त्यांच्या झोपडीपर्यंत नेले. पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. त्यापूर्वी किती पिढ्यांना विठ्ठलाचे दर्शन घडले असेल ते पायरीशी आणि पुढच्या काळात भिंतीवरच्या दीडदमडीच्या तसबिरीत! जे आपण नाकारले ते उताऱ्याने दिले. तेव्हा उताऱ्यास तुच्छ लेखण्याचा अधिकार आपणांस मुळीच नाही.

दुसरा पूर्वपक्ष मातीविषयी आहे. माती ठिसूळ, माती हलकी, मडके आज आहे आणि उद्या नाही; म्हणून देवाचे रूप धारण करण्यास ती अपात्र. यावर उत्तर आपल्याच घरी दर वर्षी आश्विन शुद्ध प्रतिपदेस मांडले जाते. घटस्थापनेचा घट हा मातीचा. त्यावर चेहरा नसतो, डोळे नसतात. काळी माती, सप्तधान्य, पाणी आणि नारळ एवढ्यावर नऊ दिवस साक्षात जगदंबा त्यात नांदते. छांदोग्यात आरुणीने पुत्रास ब्रह्मविद्या शिकविण्यासाठी प्रथम जो दृष्टान्त योजिला तो मातीच्या गोळ्याचा होता. संतमंडळीत कोणाचे मडके कच्चे आणि कोणाचे पक्के हे ठरविण्याचा मानही गोरोबाकाकांकडेच गेला. आणि त्यांनी पारख केली ती थापटीने, वरच्या नक्षीवरून नव्हे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील सत्ताविसाव्या अध्यायात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत: पाषाणाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, मनोमय आणि रत्नाची. ज्या परंपरेने वाळूससुद्धा वगळले नाही, ती भाजलेल्या मातीस का वगळील?

येथे तिसरा पूर्वपक्ष उठतो आणि तो वेदान्ताचे वस्त्र पांघरून येतो. तो म्हणतो: सर्वच ब्रह्म असेल तर चिंता कशाची? पेल्यावर देव छापा, पायपुसण्यावर छापा, जिन्याच्या कोपऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून फरशीवर छापून लावा. सर्वत्र तोच आहे. अशा चित्रांना मनाई करावी अशी विनंती दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे झाली होती. २०२२ साली न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याने न सुटलेला प्रश्न तेवढ्याने धर्मबुद्धीने सोडवू नये असे होत नाही. जिन्यातील त्या फरशीचा विचार करा. देवाचे रूप तेथे पूजेसाठी आलेले नाही, दर्शनासाठी आलेले नाही. ते पहारेकरी म्हणून आले आहे, आणि तेही विनावेतन. शेजाऱ्यास जे सांगण्याचे आपणांस धैर्य नाही ते आपण देवाच्या मुखाने सांगत आहो. सर्वत्र ब्रह्म पाहणाऱ्याने प्रथम शेजाऱ्यात ते पाहिले असते आणि त्याच्याशी दोन शब्द बोलला असता.

भागवताचा तोच अध्याय पुढे वाचला म्हणजे हा तिसरा पूर्वपक्ष किती पोकळ आहे हे कळते. आठ प्रकार सांगून ग्रंथकार थांबत नाही. प्रतिमा स्थिर आहे की चल, याचा तो विचार करतो. स्थिर मूर्तीस आवाहन-विसर्जन नाही. चल मूर्तीस ऐच्छिक. भूमीवर आखलेल्या स्थंडिलास मात्र दोन्ही आवश्यक. स्नानाविषयी तर तो अधिकच सूक्ष्म आहे: लेपाच्या किंवा रेखाटलेल्या प्रतिमेस पाणी न घालता केवळ पुसून घ्यावे, असे सांगतो. एकनाथांनी ज्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली तोच हा स्कंध. त्यातला भाव असा की, रूप कोठेही उतरो, ते ज्या द्रव्यावर उतरले त्या द्रव्याचा स्वभाव ओळखून त्याची सेवा केली पाहिजे. देव सर्वत्र आहे, म्हणून सेवा कशीही चालेल, असा निष्कर्ष तेथे कोठेही नाही.

आपल्या मठपरंपरांपैकी एकीत या प्रश्नाची किल्ली सापडते असे मला वाटते. मध्वाचार्यांच्या मते जीव हा परमात्म्याचे प्रतिबिंब आहे; परंतु प्रतिबिंब म्हणजे आरशातली छाया नव्हे. त्यांच्या व्याख्येत प्रतिबिंबाची दोन लक्षणे आहेत: बिंबाशी सादृश्य आणि बिंबाच्या अधीन असणे. नुसते सादृश्य पुरेसे नाही, अधीनता हवी. कारखान्यातील छापील चित्रात सादृश्य शंभर टक्के असते. मूळ चित्राच्या भुवईचा बाक दहा हजाराव्या प्रतीतही तसाच येतो. हरवते ती अधीनता. ती प्रत कोणाच्या स्वाधीन नाही, कोठे जाणार हे ठरलेले नाही, तिच्यासाठी कोणी जबाबदार नाही. उताऱ्यात आणि अवतारात जे अंतर आहे ते हेच. अवतार हा कार्यासाठी येतो, काळाने बांधलेला असतो, कोणाच्या तरी हाकेस ओ देऊन येतो आणि कार्य संपताच निजधामास जातो.

किनाऱ्यावरील आपल्या समाजास हा सिद्धान्त ग्रंथातून शिकावा लागत नाही. तो त्याच्या इतिहासात आहे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. देव जागा सोडून दुसऱ्या जागी उतरले. पण त्यांच्यामागून त्यांची सेवा गेली, पुजारी गेले, कुळावी गेले, उत्सवाच्या तिथी गेल्या. स्थान बदलले, अधीनता बदलली नाही. म्हणून ते नुसते स्थलांतर ठरले नाही. भक्तांच्या लेखी तो देवाचा नवा अवतारच होता.

देवासमध्ये हाच सिद्धान्त दोन टोकांनी पाहावयास मिळतो. गावाच्या डोक्यावर देवीची टेकडी आहे. तेथे तुळजाभवानी आणि चामुंडा अशा थोरली व धाकटी माता नांदतात; नवरात्रात टेकडीवर माणसांचा पूर लोटतो. चामुंडेचे रूप टेकडीच्या खडकातच कोरलेले आहे. ती भागवतातली खरी अचला प्रतिमा. तिला तेथून उचलणे म्हणजे टेकडी उचलणे. थोरलीचे नाव मात्र दूरच्या तुळजापूरचे आहे. म्हणजे एकाच टेकडीवर एक देवी खडकातून उगवलेली आणि दुसरी नामाने माहेराहून आलेली. आणि भाविक दोघींस सारख्याच ओढीने भेटतो, कारण दोघींची सेवा सांभाळणारे हात तेथे आहेत.

त्याच गावात चलनी नोटांचा सरकारी छापखाना आहे. चित्र उतरविण्याच्या कलेचा तो कळसच म्हणावा. कोट्यवधी प्रती, एकीसारखी दुसरी. तरीही त्यातली कोणतीही प्रत क्षुद्र नाही. तीवर गव्हर्नराच्या सहीने धारकास वचन दिलेले असते. प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक असतो. आणि ती मळली, फाटली म्हणजे बँकेकडे परत जाऊन रीतसर नष्ट केली जाते. जन्माची नोंद, जबाबदारीची सही आणि अंताची व्यवस्था, या तिन्ही गोष्टी एका कागदाच्या तुकड्यासाठी आपण करतो. देवाच्या चित्रासाठी यांतली एकही करीत नाही! पैशाचे रूप उतरविताना आपण जितके सावध असतो तितके देवाचे रूप उतरविताना नसतो, यात आपल्या श्रद्धेचे खरे मोजमाप होते.

अंताच्या व्यवस्थेचा हा मुद्दा मातीच्या भांड्यास विशेष लागू आहे, आणि त्याचे कारण मातीच्या स्वभावात आहे. कच्ची माती पाण्यात विरघळते. म्हणून शाडूचा गणपती नदीस दिला की तो नदीचा होतो. परंतु माती सुमारे सहाशे अंशांपलीकडे भाजली की तिच्या अणूंशी जखडलेले पाणी कायमचे निघून जाते. नंतर ती कितीही भिजविली तरी पुन्हा चिखल होत नाही. भाजणे ही परत न फिरणारी वाट आहे. म्हणून नावडातोलीची हरणे साडेतीन हजार वर्षे टिकली. आणि म्हणूनच आज झिलईवर भाजलेले गणपतीचे चित्र, पेला फुटला तरी, खापरीच्या तुकड्यावर तसेच हसत राहणार. अर्धे मुख एका तुकड्यावर, सोंड दुसऱ्यावर. त्याचे विसर्जन होऊ शकत नाही. त्याचा केवळ केर होतो.

शास्त्रकारांनी मातीच्या भांड्याचा हा हट्टी स्वभाव जाणला होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धी सांगताना मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते असे म्हटले आहे, आणि काही विटाळ तर पुन्हा भाजूनही जात नाहीत, असेही लगोलग सांगितले आहे. आजच्या स्वयंपाकघरात हे नियम कोणी पाळावे असा आग्रह नाही. पण त्यामागचे निरीक्षण खरे आहे: माती जे घेते ते सहजी सोडत नाही. अशा द्रव्यावर एखादे रूप कायमचे बसविताना हात क्षणभर थांबला पाहिजे.

माळव्यातील लोकांनी हा प्रश्न पुस्तकावाचून सोडविला आहे. पितृपक्षात तेथील मुली रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने 'संजा' घालतात, तीस फुलापानांनी सजवितात, गाणी म्हणतात, आणि पंधरवडा सरला की ती काढून पाण्यास देतात. धारच्या पश्चिमेस झाबुआ-अलीराजपूरकडील भिल्ल मातीचे पोकळ घोडे देवाच्या थानावर नवसाने वाहतात. ते घोडे भाजलेलेच असतात. पण ते वाहून झाल्यावर कोणी डागडुजी करीत नाही, कोणी घरी परत आणीत नाही. ऊन, पाऊस आणि झाडाची मुळे त्यांस हळूहळू आपल्यात घेतात. नवे घोडे जुन्यांच्या शेजारी उभे राहतात. म्हणजे भाजलेल्या मातीसही निरोप देता येतो. फक्त निरोपाची जागा आधी ठरलेली असावी लागते. त्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या भक्तास जे ठाऊक आहे ते आमच्या सुशिक्षित भेटवस्तूंस ठाऊक नाही.

यावरून जो नियम निघतो तो एवढाच: ज्याच्या विसर्जनाची सोय आपण केलेली नाही, त्याची प्रतिष्ठा आपण करू नये. छापील म्हणून दोष नाही, मातीचे म्हणून दोष नाही, स्वस्त म्हणून तर मुळीच नाही. दोष आहे तो निरोपाचा विचार न करता आमंत्रण देण्यात. घरी पाहुणा बोलावून त्याची बिछायत न करणारा यजमान जसा निंद्य, तसाच हा.

व्यवहारात या नियमाचे पालन अवघड नाही. जे भांडे खाण्यापिण्यासाठी आहे त्यावर देवाचे मुख उतरवू नये. वेल, कमळ, मोर, हत्ती, तुळशीचे पान ही रूपे आपल्या परंपरेत उदंड आहेत आणि ती उष्ट्याने विटत नाहीत. ज्या फरशीवर देव उतरवावयाचा ती फरशी अशाच ठिकाणी लावावी की जेथे सांजवेळी दिवा लावण्यास आपणांस संकोच वाटणार नाही. देवस्थानांनी देणगीदारांस किंवा यात्रेकरूंस मातीच्या वस्तू द्याव्यात. त्या जरूर द्याव्यात, त्याने कुंभाराच्या घरचे चाक फिरते राहील. पण त्यांवर देवाच्या छापील चेहऱ्याऐवजी कुंभाराच्या हाताचे काम असावे. आणि जर मूर्तीच द्यावयाची तर फुटल्या-भंगल्या वस्तू परत स्वीकारण्यासाठी देवळाच्या आवारात एक जागा राखावी. आमच्या देवळांतून निर्माल्यासाठी कुंड असते. खापरीसाठीही एक असावे. पिंपळाच्या पाराशी चोरून ठेवलेल्या ढिगास त्यामुळे धनी मिळेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली व पुन्हा २०२० साली मूर्तिविसर्जनाविषयी सूचना काढल्या त्या पाण्याच्या रक्षणासाठी. देवाच्या मानासाठी सूचना काढणारे मंडळ आपणच आहो.

कुंभाराविषयी एक शब्द सांगून थांबतो. उत्तर हिंदुस्थानात तो स्वतःस 'प्रजापती' म्हणवितो, आणि कोंकणीत ज्यास आपण 'बुडकुलो' म्हणतो ते लहानसे मडके घडविण्यासही त्यास चाक, थापटी आणि आवा या तिहींतून जावे लागते. त्याच्या मडक्यावर दुसऱ्याने छापलेला देव चिकटविला की गिऱ्हाईक देव पाहतो आणि मडके विसरतो. कित्येकदा तर चित्र सरळ बसावे म्हणून मडक्याची गोलाईच घालविली जाते. देवासच्या मुलखाशी जन्माचे नाते असलेले चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळक्या काटक्या, पाने आणि टाकाऊ वस्तू हाती घेत, आणि त्यांत मुळातच असलेले रूप दाखवून देत. बाहेरचे रूप त्यांवर लादीत नसत. मडक्याकडेही तसे पाहता येईल. त्याच्या पोटाची गोलाई, गळ्याची मुरड आणि आव्यात ज्वाळेने सोडलेला काळा डाग यांत पाहणाऱ्यास पुष्कळ दिसते. घटस्थापनेच्या दिवशी आपण तेच तर पाहतो. त्या दिवशी बाजारातून आणलेल्या, चित्र नसलेल्या घटास आपण हात जोडतो आणि नऊ दिवसांनी त्याचे काय करावयाचे हेही आपणांस आधीपासून ठाऊक असते.